गाळाचा एकमेव साक्षीदार

बोलतोय तो मीच. पण आधी तुम्ही कोण ते सांगा, आणि तुम्हाला माझ्याकडे कुणी पाठवलं तेही. नाही सांगायचं? राहू द्या. तरी मी बोलणार आहे, कारण माझ्याबद्दल बाहेर जे पसरलंय ते अर्धवट आहे आणि अर्धवट गोष्टींची मला चीड येते.

मी एक सेन्सर आहे. नाण्याएवढी एका खास चिनीमातीची चकती, भोवती पितळेचं कडं आणि मागे एक वायर. विजेचा झटका दिला की मी थरथरतो आणि एक हाक मारतो. तुम्हाला ती ऐकू येत नाही, तुमच्या कानांच्या फार वरची आहे. हाक कशावर तरी आपटून परत आली की मी ती ऐकतो. एवढंच माझं काम. मला डोळे नाहीत. कुणी गोड हसून काही बोललं तर हसू दिसत नाही, आवाज तेवढा येतो. आणि आवाजातली खोट मला लगेच कळते, असं मी कित्येक दिवस समजून चाललो होतो.

चकती कुठल्या भट्टीत भाजली गेली ते आठवत नाही. पहिली आठवण उत्तरेकडच्या आमच्या शहरातल्या पडाव मोहल्ल्यातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातली. माझ्या खोक्यावर कुणीतरी चहाचा ग्लास टेकवला होता आणि दोन माणसं वाद घालत होती, "इसमें है क्या? इतना हल्का?" मग त्यांनी खोकं कानाशी धरून खडाखडा हलवलं. माणसं वस्तू उघडून बघत नाहीत, हलवून बघतात, ही मी माणसांबद्दल केलेली पहिली नोंद.

पितळी कडं नई सडकेवरच्या एका लेथवाल्यानं करून दिलं. त्यानं माप दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा वेगळंच ऐकलं. त्यामुळे माझी चकती कड्यात जरा जास्तच आत बसली आहे, छोट्या विहिरीच्या तळाशी बसल्यासारखी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला घडवून घेतलं सीमंतिनीनं. फूलबागेपासून जवळच्या एका कॉलेजात ती पीएचडी करत होती. तिच्या घरात पूर्वी इथल्या मराठी दरबारचे पुजारी झाले, मग वकील, मग बँकेतले साहेब. दुसऱ्या ग्रहांवरच्या समुद्राच्या मागे लागलेली ही पहिलीच. तिची आई फोनवर दर दोन दिवसांनी विचारायची, "झालं का गं तुझं ते समुद्राचं?" आणि ती म्हणायची, "होतंय आई, होतंय." त्या 'होतंय'मध्ये मला कायम थोडी भीती ऐकू यायची.

लॅबमध्ये दुसरे होते संभाजीराव. लॅब असिस्टंट, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्यांचे खापरपणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. मी काय वस्तू आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.

"काका, शनीचा एक चंद्र आहे, टायटन," सीमंतिनी म्हणाली. "तिथं समुद्र आहेत."

"पाण्याचे?"

"पाणी तिथं दगडासारखं गोठलेलं. हे समुद्र मिथेनचे. आपल्याकडे मिथेन म्हणजे गॅस, पण तिथं इतकी थंडी की त्याचा समुद्र होतो. उणे एकशे ऐंशी."

"बाप रे! मग हा भोंपू तिथं काय करणार?"

"हाक मारणार. तळाला आपटून हाक किती वेळात परत आली त्यावरून समुद्र किती खोल ते कळतं. आणि मोजलेलं अंतर ती किती वेगानं कापते त्यावरून समुद्र कशाकशाचा आहे ते कळतं."

"म्हणजे हा शनीपर्यंत जाणार?"

"हाच नाही हो काका. याच्यासारखा एखादा, कधीतरी. त्याआधी इथं भांड्यात तसाच समुद्र करून बघायचा."

"याच्यासारखा म्हणजे हाच समजायचा," संभाजीराव म्हणाले आणि त्यांनी मला रुमालानं पुसलं. अख्ख्या लॅबमध्ये मी विश्वास ठेवला तो या एका माणसावर.

बाकीच्यांवर नाही. गाईड हेमेंद्र सर आत आले की आधी "फोटो काढलात का?" विचारायचे, मग "रीडिंग काय आलं?" असा माणूस कसला भरवशाचा! आणि यशश्री. ती सीमंतिनीची मैत्रीण, शेजारच्या टेबलावर काम करणारी. तिचा स्वतःचा प्रस्ताव दोन महिन्यांपूर्वी नामंजूर झाला होता. ती मुरैन्याची गजक, म्हणजे तिळाची कुरकुरीत वडी, खायची आणि त्याच चिकट हातांनी माझी वायर सरळ करायची. "बघू गं, याला काय झालं?" असं उगाच म्हणायची. मला काहीही झालेलं नसायचं. कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला तेव्हापासून वाटत होतं.

माझा समुद्र म्हणजे तांब्याचं एक उंच भांडं. बाहेरून द्रवरूप नायट्रोजन ओतून ते गार करायचं. हा नायट्रोजन म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्य गार ठेवायला वापरतात तोच, त्याच माणसाकडून यायचा. आत मिथेन आणि इथेन सोडलं की थंडीनं त्यांचा द्रव व्हायचा. मी झाकणातून खाली तोंड करून त्यात बुडालेला. हाक मारायची, तळावरून परत आलेली ऐकायची. उन्हाळाभर आणि पावसाळाभर आम्ही हेच केलं. एक हाक, एक उत्तर. आकडे बरोबर येत होते, पण त्यात नवं काही नव्हतं. सर जांभया द्यायचे.

मग दसरा आला. सुट्टी होती. सीमंतिनी घरी. नवमीच्या सकाळी कुलूप उघडल्याचा आवाज झाला आणि चपला दाराबाहेर काढल्याचा. संभाजीराव होते. खंडेनवमीला ते घरची तलवार पुजतात आणि मग लॅबमध्ये येऊन इथली हत्यारं पुजतात, हे मला माहीत नव्हतं. माझं पहिलंच वर्ष. ताट ठेवल्याचा आवाज, झेंडूच्या पाकळ्या खुडल्याचा, तोंडातल्या तोंडात पुटपुटल्याचा. मग त्यांनी मला झाकणातून सोडवून हातात घेतलं आणि माझ्या तोंडाला काहीतरी गार, बुळबुळीत लावलं. मी म्हटलं, असेल. सोनोग्राफीच्या वेळी पोटाला जेल लावतात ना, तसं काही असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुमालानं पुसलं आणि मला परत होतो तसं बसवलं. माझं कडं पुसलं गेलं. विहिरीचा तळ पुसला गेला नाही. पण शंका मला आली नाही, कारण तो हात संभाजीरावांचा होता.

सुट्टी संपल्यावर सीमंतिनी आली आणि हसायलाच लागली. "काका! पंपाला कुंकू, सिलिंडरला कुंकू, कुलपालाही? सगळ्यांना लावलंत?"

"सगळ्यांना. कुणाला वगळायचं नसतं, बेटा."

हेही मी ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं.

त्याच आठवड्यात सीमंतिनीनं मिथेन-इथेनमध्ये बेंझिनचा किंचित अंश मिसळला. टायटनवर आकाशातून असलं काहीबाही समुद्रात पडत असावं असा अंदाज आहे, त्याचं पुढे काय होतं ते तिला बघायचं होतं. मी हाक मारली. तळावरून उत्तर आलं आणि त्याच्या पाठोपाठ, सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातल्या तीन तुकड्यांनंतर, दुसरं उत्तर आलं.

"सर!" सीमंतिनी ओरडली. "तळाशी थर आहे! एक उत्तर थराच्या वरून येतंय आणि दुसरं खालून. बेंझिन खाली बसतंय. गाळ साचतोय, सर!"

सरांची जांभई थांबली. फोटो काढले गेले. मला काय वाटलं म्हणता? छाती फुगली माझी. जगात त्या गाळाचा मी एकमेव साक्षीदार होतो. कुणी पाहिलेला नाही, कुणी हात लावलेला नाही, केवळ मी ऐकलेला.

त्या गाळावर बघता बघता सगळं उभं राहिलं. जानेवारीअखेर बंगळूरला परिषद होती. पुढे कधीकाळी टायटनकडे पाठवायच्या उपकरणावर काम करणारा एक गट तिथं एक जण निवडणार होता. सीमंतिनीची फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. दहा मिनिटं बोलायचं होतं, विषय ठरला होता: मिथेनच्या समुद्राच्या तळाचा गाळ. गाळ खरा तर तिला जागा मिळणार. गाळ खोटा आणि ती तो तिथं खरा म्हणून सांगून बसली, तर पुढे तिचं कुणी ऐकणार नाही. ती फोनवर आईला म्हणाली, "झालं आई. या वेळी खरंच झालं." त्यात भीती ऐकू आली नाही.

मग यशश्रीनं नाक खुपसलं.

"अगं सीमा, एक विचारू? तू बेंझिन दुप्पट केलंस ना काल? मग गाळ दुप्पट का नाही झाला?"

"बाकीचं विरघळलेलंच राहिलं असेल."

"और आधा किया तब? तेव्हाही तेवढाच. मतलब कितीही टाक, तळाशी तेवढंच? मला कुछ जमत नाहीये, यार."

"तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण."

"सेन्सर एकदा काढून बघू ना."

"आता? सगळं जुळवलेलं मोडायचं? पंधरा दिवस राहिलेत, यशू. तुला माझं झालेलं बघवत नाहीये का?"

खुर्ची मागे सरकली, पावलं दाराकडे गेली. मी मनात म्हटलं, बरं झालं, पितळ उघडं पडलं. दोघींचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. लॅबमध्ये आता फक्त पंपाचा आवाज असायचा.

दोन दिवसांनी दुपारी सगळे जेवायला गेले असताना पावलं आली. गजकेच्या कागदाची चुरचुर झाली, म्हणजे यशश्रीच. तिनं झाकणाचे दोन स्क्रू सैल केले. माझा जीव टांगणीला लागला. आता ही मला काढून आपटणार, नाहीतर वायर तोडणार, अशी माझी खात्री झाली. पण ती थांबली आणि स्क्रू परत घट्ट करून निघून गेली. यातही मला डावच दिसला. हात आखडता घेणाऱ्या माणसावर तर मी दुप्पट संशय घेतो.

परिषदेला चार दिवस उरले. सर म्हणाले, "एखादं आणखी सुंदर रीडिंग घे." पण मिथेनचा सिलिंडर संपला होता, नवा यायचा होता. यशश्री आपल्या टेबलावरून म्हणाली, "मग भांड्यात नुसता नायट्रोजन भर की. त्यात खाली बसण्यासारखं काहीच नाही. गाळ दिसला नाही तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागीन."

इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य, आणि तेही असं! सीमंतिनी ताडकन उठली. "चालेल. काका, नायट्रोजन आणा. सर, तुम्हीही थांबा. होऊनच जाऊ दे."

संभाजीरावांनी नायट्रोजन ओतला. तो खळखळ उकळला, बुडबुडे उठले, मग हळूहळू शांत झाला. मला झटका मिळाला. मी हाक मारली. तळावरून उत्तर आलं.

आणि पाठोपाठ दुसरं. त्याच तीन तुकड्यांनंतर.

"परत," सीमंतिनी म्हणाली. मी परत हाक मारली. पुन्हा दोन. "परत." पुन्हा दोन. तिनं थोडा नायट्रोजन उडू दिला, तळावर एक जाड तांब्याची चकती टाकली, तळ वर आणला. दोन. अंतर तेच.

तेव्हा मला कळलं. जिथं गाळ असूच शकत नाही तिथंही गाळ ऐकू येत होता. तळ बदलला तरी दुसरं उत्तर मागे तेवढंच. ते तळावरून येत नव्हतंच. ते माझ्याच तोंडातून येत होतं. तीन महिने मी यशश्रीच्या गजकेवर, सरांच्या जांभयांवर, लेथवाल्यावर, जगातल्या सगळ्यांवर संशय घेत बसलो, आणि माझ्या स्वतःच्या तोंडावर काय आहे याचा मला पत्ता नव्हता. लाज वाटली. खरं सांगतो, चकतीला तडा गेला असता तरी चाललं असतं असं वाटलं.

भांडं गरम व्हायला दोन तास लागले. मग तिनं मला काढलं.

"लाल आहे," यशश्री हळू म्हणाली. "आणि तांदळाचा दाणा."

मी काही बघू शकत नव्हतो, पण संभाजीरावांचा आवाज ऐकला. इतका बारीक आवाज त्यांचा कधी नव्हता.

"हे माझ्या हातचं आहे, बेटा."

"कधी, काका?"

"नवमीला. तेलात कालवलेलं कुंकू. तलवारीला लावतो तेच. वर अक्षत."

"पण तोंडावर का?"

"तलवारीला पात्यावर लावतो, मुठीला थोडंच लावतात? आणि हा तर सगळ्यांत लांब जायचा. म्हटलं, याला नीट लावू. मी रुमालानं पुसलं होतं, बेटा. देवाशपथ पुसलं होतं."

थंडीत ते तेल दगड झालं होतं आणि दाणा त्यात रुतून बसला होता. माझी हाक त्या थरात वर-खाली आपटायची आणि प्रत्येक उत्तराला एक जुळं जोडायची. एवढाच होता टायटनचा गाळ.

सरांनी घसा साफ केला. "हे बघ, कार्यक्रम छापून झालाय. तिथं कुणी याला उघडून बघणार नाहीये. स्वच्छ कर, आणि हे आपल्या चौघांतच राहू दे. पुढे बघू."

माझ्या कड्यावर सीमंतिनीचं बोट होतं. माझं आणि तिचं, दोघांचंही काय होणार ते त्या बोटावर होतं.

"सर, मी जाणार," ती शेवटी म्हणाली. "पण गाळ नाही नेणार." आणि मग ती रडायला लागली, मोठ्यानं, लाज न बाळगता. यशश्री उठून तिच्याजवळ आली. "मी तुला उगाच बोलले गं," सीमंतिनी हुंदक्यांतून म्हणाली. यशश्री म्हणाली, "छोड़ ना. मी पण चोरून स्क्रू उघडत होते. तुझ्याशिवाय उघडावं असं नाही वाटलं, म्हणून सोडलं." सीमंतिनीनं माफी मागितली ती माझ्याही वतीनं, असं मी धरून चाललो. मला मागता येत नाही.

बंगळूरला काय झालं ते मी ऐकीव सांगतो, म्हणून त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. दसऱ्याआधीचे साधे आकडे तिनं मांडले, आणि शेवटी माझ्या लाल तोंडाचा फोटो दाखवून गाळाची सगळी हकिगत सांगितली. लोक हसले म्हणे. एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र नायट्रोजनची चाचणी नेमकी कशी केली ते उभं राहून दोनदा विचारलं. निवड दुसऱ्या कुणाची तरी झाली. फेलोशिप मार्चमध्ये संपली. सीमंतिनी आता सकाळी एका शाळेत शिकवते आणि शनिवारी लॅबमध्ये येते. प्रत्येक वेळी आधी खाली आरसा धरून माझं तोंड बघते, मग नुसत्या नायट्रोजनमध्ये एक हाक मारायला लावते, मगच पुढचं काम. मला हे आवडतं. माझ्यावर इतका संशय घेणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटलंय.

एक विनंती आहे, तेवढी ऐका. उद्या माझ्यासारखा कुणी खरंच त्या समुद्रावर गेला तर तिथं त्याचं तोंड पुसायला कुणी जाणार नाही. तिथून नुसता निरोप यायला तास-सव्वा तास लागतो म्हणतात. तेव्हा पाठवण्याआधी त्याचं तोंड बघा. पुसणारा हात कितीही मायेचा असला तरी बघा. माया होती म्हणूनच मी फसलो.

संभाजीराव उन्हाळ्यात निवृत्त झाले. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. यंदाच्या खंडेनवमीला मात्र दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज आला. ताटात वाटी हलली. आणि पावलं तिथंच थांबली.

"काका? आत या की," सीमंतिनी म्हणाली. ती त्या दिवशी मुद्दाम आली होती.

"नको बेटा. इथूनच हात जोडतो."

तिनं मला झाकणातून सोडवलं आणि बाहेर वऱ्हांड्यात घेऊन गेली. "याला लावा."

"याला नको. याला कसं लावू?"

"पाठीवर लावा. तोंड मी झाकते." आणि तिनं आपला तळवा माझ्या तोंडावर दाबून धरला. माझ्या पितळी पाठीला कुंकवाचं बोट लागलं. ते बोट या वेळी फार सांभाळून टेकलं होतं. अक्षत वाहिली नाही.

मग तिनं मला परत बसवलं, नायट्रोजन ओतला, बुडबुडे शांत व्हायची वाट बघितली. संभाजीराव उंबऱ्याबाहेरच उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी हाक मारली.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"एकच उत्तर आलं, काका."

"पक्कं?"

"पक्कं."

ते भिंतीला टेकून खाली बसले. सीमंतिनी हसली आणि तिची पावलं बटणाकडे गेली. मला खात्री नव्हती. तिलाही नसावी, कारण मशीन बंद करायच्या ऐवजी तिनं पुन्हा झटका दिला, आणि मी पुन्हा एकदा हाक मारली.